भांड्यांची फर्नेस आणि मामाजींची काठी

माझ्या सासऱ्यांनी भर धनत्रयोदशीला, काठीच्या एका धक्क्याने, आपल्या सख्ख्या मुलाचं भांड्यांचं दुकान पाडलं, असं आमच्या दोन्ही घरांत मानलं जातं.

हे खरं नाही. सासरे निर्दोष होते. काठीही निर्दोष होती. ती चांगली, शांत स्वभावाची, गुळगुळीत बांबूची काठी होती आणि तिने आयुष्यात एका बैलाखेरीज कुणाला त्रास दिला नाही.

परवा माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे मधुकरच्या, नातवाचं बारसं झालं. जेवणं आटोपल्यावर कुणीतरी म्हणालं, "आबाजीच्या काठीचा किस्सा सांगा न जी." मधुकरने सांगितला. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. हसता हसता मला ठसका लागला, तेव्हा मधुकरनेच माझी पाठ थोपटली आणि पाणी दिलं. गेलेल्या माणसाच्या काठीवर आपण हसतो आहोत, आणि ज्याचं दुकान आपण बुडवलं तोच आपल्याला पाणी पाजतो आहे, हे या वयाला झेपलं नाही. घरी येऊन कागद घेतला.

ही गोष्ट भिलाई अजून मध्यप्रदेशात होती तेव्हाची. मी तिथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो, सेक्टरमध्ये क्वार्टर होतं, आणि बायको सुमन गोंदियाकडच्या धानवाल्या गावातली. तिचा धाकटा भाऊ मधुकर प्लांटमध्ये लागायचं म्हणून आमच्याकडे आला आणि भरतीची वाट पाहत व्हरांड्यात राहिला. भरती निघाली नाही. व्हरांडा मात्र भरलेला राहिला. शेवटी मामाजींनी (मी सासऱ्यांना मामाजी म्हणत असे) धानाची एक बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, विकली आणि मधुकरला कॅम्प-1 च्या बाजारात भांड्यांचं छोटं दुकान टाकून दिलं. देताना सगळ्यांसमोर बजावलं, "दिवाळीपर्यंत पाह्यतो. चाललं तं चाललं. नाही तं गावाले ये, आन शंकरच्या हाताखाली नांगर धर."

शंकर म्हणजे मोठा मुलगा. त्याच्या हाताखाली बैलसुद्धा नाइलाजाने काम करत.

म्हणजे त्या दुकानावर मधुकरचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं आणि माझ्या बायकोचं माहेरही. सुमन लग्न होऊन आल्यापासून गाडीच्या वेळा पाहून रडणारी बाई. आता माहेरचं माणूस कॅम्पातच राहायला आलं. संध्याकाळी मी सायकलवर तिला तिथे सोडत असे आणि ती परत येताना हसत येत असे. मलाही ते बरं वाटायचं, कारण हसणारी बायको वरणात मीठ बरोबर घालते.

आणि दुकान चालत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. दुकान व्यवस्थित चालत होतं.

दिसायला मात्र ते भयंकर होतं. ताटात ताट, वाटीत वाटी, बादलीत डबे, डब्यात चमचे, छताला सुतळीने बांधलेल्या किसण्या आणि झारे, दारात गंजांची, म्हणजे उभट पातेल्यांची, चळत. गिऱ्हाईक बाईने "मले दुधाले गंज पाह्यजे" म्हटलं, की मधुकर कुठल्यातरी ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि नेमका दुधाचा गंज बाहेर यायचा. बाई तो टिचकीने वाजवायची, उलटा करायची, कानाशी धरायची, पुन्हा वाजवायची, मग घासाघीस, मग घ्यायची. कोपऱ्यात भांड्यावर नाव घालायचं मशीन होतं. सुमनचं अक्षर सुरेख म्हणून संध्याकाळी तीच त्या मशीनवर बसायची आणि कुणाकुणाची नावं ठिपक्याठिपक्यांनी भांड्यांवर घालायची.

मला हे सगळं बघवत नव्हतं. मी स्टोअरचा माणूस. आमच्याकडे साध्या बोल्टलाही रॅक, खण आणि नंबर होता. बोल्ट कधीच वेळेवर मिळत नसे, पण तो कुठे असायला हवा होता ते आम्ही कुणालाही सांगू शकत असू.

शिवाय त्याच वर्षी विश्वकर्मा पूजेच्या सजावटीत आमच्या सेक्शनला बक्षीस मिळालं होतं. पुठ्ठा आणि चांदीचा कागद लावून मी ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, केली होती, आतून लाल बल्ब लावून. मोठ्या साहेबांनी तिच्याकडे पाहून "हूं" म्हटलं होतं. त्या "हूं"ने माझं डोकं फिरलं. भिलाईत गणपतीच्या मागे फर्नेस, दुर्गेच्या मागे फर्नेस, शाळेच्या स्नेहसंमेलनात फर्नेस; पण ज्या पोलादावर गाव उभं आहे त्या पोलादाच्या भांड्यांची फर्नेस अजून कुणीच केलेली नव्हती. (का केली नव्हती, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता.)

धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात मी विषय काढला.

"मधुकर, माल आहे, पण मांडणी नाही. गिऱ्हाइकाला बसल्या जागेवरून सगळं दिसलं पाहिजे. दिसेल तेच विकतं."

"हो जी, भाऊजी."

"पूर्ण दुकानाची फर्नेस करू."

मधुकरने सगळ्या ढिगांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "पूर्ण दुकानाची?"

"एकही चमचा बाहेर नाही ठेवायचा."

"तुमी म्हणता तं..." असं म्हणून तो चहा प्यायला बाहेर गेला आणि खूप उशिरा परत आला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सासरी जावयाला नाही म्हणत नाहीत. जावयाने पोळी करपलेली आहे म्हटलं तर करपलेली, आणि चंद्र चौकोनी म्हटलं तर सासू अंगणात जाऊन "आज जरा चौकोनीच वाटून राहिला" म्हणून येते. माझा समज असा होता की माझ्या कल्पना मुळातच चांगल्या असतात, म्हणून तिकडे कुणी विरोध करत नाही. लग्नानंतर इतकी वर्षं हा समज टिकला, कारण सुमन सोडून कुणीच बोलायचं नाही. सुमन बोलली.

"अहो, बायका भांडं हातात घेऊन पाह्यतेत. वाजवून पाह्यतेत. तुमच्या फर्नेसमंधून काढन कोण?"

"आधी बघतील, मग मागतील, मग काढू."

"कुठून काढसान?"

"सिस्टीम असते, सुमन."

"मधू, तू कावून बोलत नाही रे?"

मधुकर जमिनीकडे पाहत म्हणाला, "ताई, भाऊजी म्हणून राहिले न."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवलं. बाजारात धनत्रयोदशीच्या खालोखाल गर्दीचा दिवस तो. आजूबाजूच्या दुकानांत उभं राहायला जागा नव्हती आणि आम्ही अर्धं शटर ओढून आत फर्नेस बांधत होतो. तळाला पितळी गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, आणि मोठे गंज गोलाकार. त्यावर बादल्या. बादल्यांवर डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत निमुळते होत गेलेले. त्यावर गडवे, म्हणजे पाण्याचे तांबे, त्यावर वाट्या, आणि सगळ्यात वर ग्लासांची चिमणी, छताला जवळजवळ टेकलेली. बाजूला गहू ठेवायच्या कोठ्या उभ्या केल्या, त्या गरम हवेच्या टाक्या. खाली तांब्याचे गडवे आडवे मांडून त्यांवर लाल कागद टाकला, ते वितळलेलं लोखंड. चमच्यांचे रूळ. रुळांवर पोळपाटांच्या वाघिणी.

आणि माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे पराती. दुकानातल्या सगळ्या नव्या, चकचकीत पराती मी समोरच्या भिंतीवर, नाव घालायच्या मशीनच्या वर, पालथ्या टांगल्या. आरशासारख्या. म्हणजे फर्नेस इकडूनही दिसावी आणि तिकडूनही दिसावी.

"कावून जी, पराती कावून टांगल्या?" मधुकरने विचारलं.

"सगळं दोनदा दिसलं पाहिजे."

मधुकरने एकदा फर्नेसकडे पाहिलं, एकदा परातीतल्या फर्नेसकडे. त्याला ती एकच जड जात होती.

शेवटी मी फर्नेसभोवती दोरी बांधली आणि स्टोअरमधल्या सवयीने पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "हात लावू नये". दुकानात विकायला म्हणून एक झाकणीसुद्धा वेगळी उरली नव्हती.

संध्याकाळच्या पॅसेंजरने मामाजी दिवाळीसाठी आले. खांद्यावर नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी, हातात काठी. स्टेशनवरून सरळ दुकानात आले. आपल्या बांधीचं काय झालं ते बघायला. दारात उभे राहून त्यांनी फर्नेस खालून वर पाहिली, मग वरून खाली पाहिली. टोपी काढून डोकं खाजवलं.

"लय झकास, जवाईबापू," ते म्हणाले. आणि मग अगदी अदबीने, "पण याच्यातलं इकाचं कोणतं?"

"सगळंच, मामाजी."

"हो का?" असं म्हणून ते स्टुलावर बसले. त्यांनी मधुकरकडे पाहिलं. मधुकर सुतळीच्या गाठी सोडवत होता. त्या सुतळीला गाठी नव्हत्या.

धनत्रयोदशीच्या सकाळी शटर उघडलं आणि रस्त्यावर गर्दी जमली. मी एवढी गर्दी कुठल्याच भांड्यांच्या दुकानासमोर पाहिली नव्हती. माणसं मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होती. कामगार आपापल्या बायकांना समजावत होते, "हे पाह्य, इथून माल टाकतेत, इथून हवा सोडतेत." पहिल्यांदाच त्या बायकांना नवरा ड्यूटीवर नेमकं काय करतो ते कळत होतं, आणि चेहऱ्यांवरून तरी फारसं आवडत नव्हतं. फर्नेसवर काम करणारा एक जण नाईट करून तसाच आला होता. त्याने फर्नेसभोवती चक्कर मारून मला बाजूला घेतलं.

"साहेब, लोखंड निघाचं टॅप होल उलट्या अंगानं लावलं तुमी. अशी फर्नेस सोडली तं लोखंड ऑफिसात जाते."

"घ्यायचं काय आहे तुम्हाला?"

"घ्याचं काही नाही. सांगून राहिलो."

पहिलं खरं गिऱ्हाईक एक छत्तीसगढी बाई होती. कपाळभर कुंकू, कडेवर पोर. तिने दोरीवरून वाकून एका गडव्याला टिचकी मारायला हात पुढे केला.

"बाई, हात नहीं लगाना."

"काबर?"

मी पाटी दाखवली. तिने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "छुअन नइ देवस त बिसाबो कइसे गा?" असं म्हणून ती शेजारच्या दुकानात शिरली. हात लावू देत नाहीस तर घ्यायचं कसं, हा तिचा प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

दिवसभर हेच. ज्याला जे हवं ते नेमकं मधलं. ज्याला डबा हवा त्याच्या डब्यावर सगळे गडवे, ज्याला बादली हवी तिच्यावर सगळे डबे. मधुकर दुसऱ्या स्टुलावर चढून म्हणायचा, "वरचे ग्लास घ्या न जी, ग्लास छान आहेत." दुपारपर्यंत ग्लास तेवढे विकले गेले आणि चिमणी आखूड होत गेली.

"मधुकर, चिमणी नको काढू. फर्नेस बुटकी दिसते."

"भाऊजी, थेच तं निघून राहिलं."

"मग रात्री पुन्हा भर."

"कायनं भरू? विकले न."

शेजारच्या दुकानदाराने आम्हाला दुपारी चहा पाठवला. चार वाजता पुन्हा पाठवला, बरोबर सामोसे. लोक आमच्याकडे येऊन फर्नेस बघत आणि त्याच्याकडे जाऊन भांडी घेत. त्याच्याकडचे लोक आपलं नाव घालून घ्यायला आमच्याकडे येत, कारण त्याच्याकडे मशीन नव्हतं. सुमन पाठमोरी बसून दिवसभर शेजाऱ्याच्या भांड्यांवर नावं घालत होती. मधूनच मशीन थांबवून समोरच्या परातींकडे पाहत बसायची. मला वाटायचं, ती मांडणीचं कौतुक करते आहे.

मामाजी स्टुलावरून हलले नाहीत. दिवे लागले तसं त्यांनी मला हळूच विचारलं, "जवाईबापू, एक बाजू मोकळी करून खाली पसरवलं तं चालन का?"

"मामाजी, आता सात वाजता तर खरी गर्दी सुरू होणार."

"हो, हो," ते म्हणाले. जावयाला आणखी किती सांगायचं?

आणि त्याच गर्दीत आमच्या सेक्शनच्या साहेबांच्या पत्नी आल्या. मागे ड्रायव्हर, हातात यादी. माझ्या प्रमोशनचा कागद त्यांच्या यजमानांच्या टेबलावर होता, हे मला झोपेतही माहीत असायचं. मी पुढे धावलो.

"अरे, ये तो आपने बनाया? साहब बता रहे थे," बाई म्हणाल्या. "बहुत सुंदर. हमें पूजा के लिए पीतल का चाहिए था. वो नीचे वाला दिखाइए."

त्यांचं बोट तळातल्या गुंडाकडे होतं. अगदी तळातल्या. त्याच्यावर बादली, बादलीवर डबे, डब्यांवर गडवे, गडव्यांवर वाट्या, आणि वर जी काही उरली होती ती चिमणी.

सकाळपासून मी माणसांना, बायकांना, लहान पोरांना आणि दोन पोलिसांना नाही म्हणत होतो. या बाईंना मी म्हणालो, "जी मॅडम, अभी निकालता हूं."

"भाऊजी, नका," मधुकर म्हणाला. आमच्या नात्यात तो मला पहिल्यांदाच नाही म्हणाला.

"अरे, हळूच ओढतो. आमच्या स्टोअरमध्ये तळातलाच माल काढतो आम्ही रोज."

हे खरं होतं. फक्त स्टोअरमध्ये खालच्या आणि वरच्या मालाच्या मध्ये लोखंडी रॅक असते, ही बारीक गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हती.

मी दोरीखालून आत शिरलो. मामाजी स्टुलावरून उठून माझ्या बाजूला आले आणि काठी पुढे करून त्या गुंडाकडे दाखवत म्हणाले, "जवाईबापू, त्याले हात नका लावू, बाप्पा. सगळं त्याच्यावर उभं हाय." काठीचं टोक गुंडापासून वीतभर लांब होतं. माझा हात गुंडाच्या गळ्यात होता. रस्त्याकडून पाहणाऱ्याला मामाजींची पाठ आणि काठी दिसत होती. मी त्यांच्या आड होतो. मधुकरही रस्त्याच्याच बाजूला, गर्दी मागे सारत उभा होता.

मी ओढलं.

गुंड सहज बाहेर आला. इतका सहज, की क्षणभर मला अभिमान वाटला. मग वरची बादली, जणू काही विचारायचं असावं तशी, थोडी पुढे वाकली. तिच्यावरचे डबे तिच्या मताशी सहमत झाले. आणि मग सगळी फर्नेस, सकाळपासून कुणालाही काही न देणारी, एकदमच सगळ्यांना सगळं द्यायला निघाली.

तो आवाज मी लिहू शकत नाही. कॅम्प-1 मध्ये लोक घरांतून बाहेर आले. कुणीतरी ओरडलं की प्लांटमध्ये काहीतरी झालं, आणि ज्यांच्या घरचा माणूस ड्यूटीवर होता त्या बायका रडायला लागल्या. डबे रस्त्यावर गेले, बादल्या नालीत गेल्या, कोठ्या एकमेकींवर आपटल्या. वाट्या कितीतरी वेळ येतच राहिल्या. सगळं थांबलं तरी एक झाकणी जमिनीवर गोल गोल फिरत होती. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत उभे होतो. ती थांबूच नये असं मला वाटत होतं, कारण ती थांबल्यावर कुणीतरी बोलणार होतं.

ती थांबली.

"कुणाचा धक्का लागला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मी खोटं बोललो नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. मी फक्त मामाजींच्या काठीकडे पाहिलं.

माझ्या मागोमाग मधुकरने पाहिलं. मग गर्दीने पाहिलं. मग मामाजींनी स्वतः आपल्या काठीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या गुंडाकडे, मग साहेबांच्या पत्नीकडे, आणि मग माझ्या तोंडाकडे. त्यांना सगळं समजायला जो क्षण लागला, तेवढा लांब क्षण मला पुढच्या आयुष्यात दुसरा भेटला नाही.

"माझी काठी लागली वाटते," मामाजी म्हणाले. "म्हातारा झालो, बाप्पा. जवाईबापूनं गुंड तेवढा वाचवला."

साहेबांच्या पत्नी "कोई बात नहीं, बाबाजी" म्हणाल्या आणि शेजारच्या दुकानात गेल्या. तो वाचवलेला गुंडही त्यांनी घेतला नाही. (प्रमोशनही त्या वर्षी झालं नाही, हे सांगितल्याने कुणाला समाधान होणार असेल तर सांगतो.)

पोचा पडलेलं भांडं धनत्रयोदशीला कुणी घरी नेत नाही. लक्ष्मी येते ती पोचकी येईल, असं मानतात. दुकानात पोचा नसलेली वस्तू शोधावी लागत होती. मधुकर रस्त्यावर उकिडवा बसून एकेक वाटी उचलायचा, बोटाने दाबून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. मी मदतीला वाकलो तर म्हणाला, "असू द्या, भाऊजी, तुमी बसा. तुमच्या हाताले लागन." तो मनापासून म्हणाला होता. त्याहून मला लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

होळीच्या आधी दुकान बंद झालं. पोचके डबे टेम्पोत भरून मधुकर गावाला गेला आणि शंकरच्या हाताखाली नांगर धरला. सुमन टेम्पो वळेपर्यंत कोपऱ्यावर उभी होती. त्यानंतर ती पुन्हा गाडीच्या वेळा पाहायला लागली. वरणात मीठ कधी जास्त, कधी नाही.

मधुकर पुढे सावरला, पण त्याला फार वर्षं गेली. गावोगावच्या आठवडी बाजारात जमिनीवर ताडपत्री पसरून भांडी विकली त्याने. एकदा मी बाजारात जाऊन त्याच्या ताडपत्रीशी उभा राहिलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "मांडणी चांगली आहे."

"जमिनीवरून माल खाली पडत नाही, भाऊजी," तो म्हणाला. टोमणा नव्हता. तो खरोखरच अनुभव सांगत होता.

मामाजी पुन्हा एकदाही भिलाईला आले नाहीत. गावातही कुणाच्या घरी गेले की काठी दाराबाहेर टेकवून ठेवायचे आणि भिंतीला हात लावत लावत आत जायचे. कुणी म्हटलं, "आणा न जी आत," तर म्हणायचे, "नको, वांड हाय थे." लोक हसायचे. तेही हसायचे. मी तिथे असलो तर माझ्याकडे न बघता हसायचे. शेवटी त्या भिंतीला धरून चालण्यातच एकदा पडले आणि अंथरुणाला लागले. मी भेटायला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. ते म्हणाले, "जवाईबापू, चहा घेतला का?" मी म्हणालो, घेतला. आणि तेवढ्यावर परत आलो.

हे एवढं लिहून झाल्यावर मी काल संध्याकाळी सुमनला बसवलं आणि वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. माझा आवाज दोनदा फुटला. तिची मेथी एकदाही थांबली नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"तुला काहीच वाटलं नाही?"

"मले त्याच दिवशी माहीत होतं."

"कसं शक्य आहे? तू तर पाठमोरी होतीस. मशीनवर."

"हो. आन माझ्या समोर काय होतं?" सुमन म्हणाली. "पराती. तुमीच टांगल्या होत्या न? सगळं दोनदा दिसलं पाह्यजे म्हणून."

मी हातातले कागद सरळ करून घडी घातली. मग विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"निघाले होते बोलाले. बाबांनं हात धरला. म्हणे, काठ्या लय भेटतेत बाई, जवाई एकच हाय." तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या. "मधूले सांगितलं नाही मी. थे तुमी सांगा. उद्या चला, मी येते संगं."

मग तिने ताटं वाढली. आमच्या घरातली भांडी मुलाने कधीच बदलली, सगळ्यांची नवी ताटं आहेत. माझं मात्र त्या दुकानातलं, मधोमध पोचा पडलेलं, वरण नेहमी एका अंगाला वाहून नेणारं. सुमनने त्या दिवाळीच्या आठवड्यातच त्यावर मशीनने माझं पूर्ण नाव घातलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी, सुरेख अक्षरात. नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी बाई ते ताटावर घालते, हे मी इतकी वर्षं प्रेम समजत होतो.

माझ्या मांडणीचा उद्देश एवढाच होता, की माणसाला बसल्या जागेवरून सगळं दिसावं. दिसलं.